आपल्या मुलांच्या वाट्याचा पैसा

(विहाराच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी सोलापूर येथे झालेले भाषण. बोलणे जसे झाले तसेच, थोडे नीट करून, येथे देत आहोत.)

मागच्यांनी पुढे यावं, सतरंजी मोकळी आहे. आजचं बोलणं तुमच्याबद्दलच आहे.

समितीने आम्हाला विषय दिला आहे, "शासनाचा निधी आणि आपला युवक". आम्ही काही प्राध्यापक नाही. आठवीनंतर शाळा सुटली, सूतगिरणीत रिंग खात्यात बदली म्हणून लागलो, पुढे साईडर झालो. जे काही वाचलं ते तिसरी पाळी सुटल्यावर, वाचनालयाच्या बाकावर, डोळे चोळत वाचलं. बाबासाहेबांची भाषणे आणि लेखन यांचे खंड शासनाने काढले ते आम्हाला तिथेच पहिल्यांदा हाती लागले. त्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, की बाबासाहेब नुसते विचार सांगत नव्हते, ते हिशेब मागत होते. म्हणून आज आम्हीही हिशेबाचंच बोलणार आहोत. कोणाला रुक्ष वाटेल, त्यांनी क्षमा करावी.

या विहाराच्या पलीकडे समाजमंदिर आहे. दलित वस्ती सुधारच्या पैशातून बांधलेलं. बांधून अठरा वर्षे झाली. उद्घाटनाला मोठमोठी माणसे आली होती, कोनशिला बसली, तिच्यावर सतरा नावे आहेत, आम्ही मोजली. त्यानंतर त्या इमारतीत काय झालं? लग्नं, साखरपुडे, बारशी, निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्र, आणि बाकीचे दिवस कुलूप. पोरांना अभ्यासाला जागा नाही आणि जागेला कुलूप, असं अठरा वर्षे चाललं आहे. त्या कुलपाची चावी कोणाकडे? आमच्याकडेच. म्हणजे समितीकडे. तेव्हा आमचं भाषण सरकारच्या विरोधात आहे असं समजून लगेच टाळ्या वाजवू नका. अर्ध्या टाळ्या राखून ठेवा, आमचीही पाळी येणार आहे.

आधी शंभर वर्षे मागे जाऊ, आणि ते आपल्याच सोलापुरात. २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभा स्थापन होऊन सहा महिने होत नाहीत तोच, ४ जानेवारी १९२५ रोजी, सभेने पहिलं मोठं काम काढलं, ते कोणतं? सत्याग्रह नाही, परिषद नाही. हायस्कुलात शिकणाऱ्या आपल्या मुलांसाठी वसतिगृह, आणि ते इथे, सोलापुरात. मुलांचे कपडे, वह्या-पुस्तके, जेवणखाण सगळं सभेकडे. आणि आपल्या शहराची नगरपालिका त्याला दरमहा ४० रुपये अनुदान देत होती.

चाळीस रुपये ऐकून आज हसू येईल. पण हा आकडा आम्ही मुद्दाम सांगतो. बाबासाहेबांनी लोकांकडून वर्गणी घेतली आणि नगरपालिकेकडूनही पैसा घेतला. नगरपालिकेचा पैसा म्हणजे कोणाचा? आपल्या पणजोबांनी मीठ घेतलं, कापड घेतलं, त्याच्यावर जो कर बसत होता त्यातलाच तो पैसा. आजही बिस्किटाचा पुडा घेतला तरी आपण जीएसटी भरतो. कष्टकऱ्याचं पोर सरकारकडून काही घेतं तेव्हा ते भीक घेत नाही, घरचंच थोडं परत घेतं. ही गोष्ट आपल्या माणसांना अजून नीट उमगलेली नाही. आपण अर्ज घेऊन जातो तेव्हा कमरेत वाकून जातो.

आणखी एक गोष्ट त्या सभेची. मुंबईत सभेने मोफत वाचनालय काढलं आणि तरुणांसाठी हॉकीचा क्लब काढला. हॉकी, बरं का! जुगार आणि दारू यांपासून पोरं बाजूला राहावीत म्हणून. आज वस्तीत कोणी म्हटलं की पोरांना खेळायला साहित्य द्या, तर आपल्यातलेच वडीलधारे म्हणतात, खेळून काय कलेक्टर होणार आहेत का? शंभर वर्षांपूर्वी परदेशातून दोन-दोन पदव्या घेऊन आलेल्या माणसाला खेळाची किंमत कळत होती.

१९२७ साली बाबासाहेब मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले आणि शिक्षणाच्या खर्चावर बोलले. त्यांनी सरकारचाच हिशेब सरकारपुढे ठेवला. शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करता आणि दारूच्या अबकारीतून माणशी २ रुपयांहून जास्त वसूल करता, असा तो हिशेब. मग १९३२ चा पुणे करार. त्यातल्या राखीव जागा सगळ्यांना पाठ आहेत. पण त्या करारात नऊ कलमे आहेत आणि शेवटचं, नववं कलम पैशाचं आहे. प्रत्येक प्रांताने शिक्षणाच्या अनुदानातून अस्पृश्य मुलांच्या शिक्षणासाठी पुरेशी रक्कम वेगळी राखून ठेवावी, असं त्यात आहे. 'वेगळी राखून ठेवणे' हे शब्द ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहेत. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर, १९४२ च्या ऑक्टोबरात त्यांनी आपल्या गाऱ्हाण्यांचं निवेदन व्हाइसरॉयना दिलं आणि उच्च शिक्षणासाठी तीन लाख रुपये मंजूर करून घेतले. १९४४ पासून जी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती चालू आहे, जिच्यावर तुमच्यापैकी कितीतरी जण शिकले, तिचं मूळ तिथे आहे.

मधे एक कडू गोष्ट सांगून पुढे जातो. आपण १९५६ ला धम्म स्वीकारला. राज्याने बौद्धांच्या सवलती चालू ठेवल्या, पण केंद्राकडून अनुसूचित जातीचा दर्जा आपल्याला १९९० साली मिळाला. चौतीस वर्षे. आमच्या वडिलांच्या वेळची किती मुलं रेल्वेच्या, पोस्टाच्या दारातून परत आली, त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

आता मुद्द्यावर येतो. १९७९-८० साली केंद्राने 'विशेष घटक योजना' आणली. पुढे तिला 'अनुसूचित जाती उपयोजना' म्हणू लागले, आता दिल्लीत आणखी वेगळं नाव आहे. नावं बदलली, तत्त्व एकच. विकासाच्या खर्चातून अनुसूचित जातींच्या लोकसंख्येइतका हिस्सा वेगळा राखून ठेवायचा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात आपली लोकसंख्या ११.८ टक्के. म्हणजे राज्याने विकासावर शंभर रुपये खर्च करायचे ठरवले, तर त्यातले अकरा रुपये ऐंशी पैसे आपल्या माणसांच्या, आपल्या वस्त्यांच्या कामाचे. नियोजन आयोगाने पुढे मार्गदर्शक सूचनांत असंही लिहिलं, की हा पैसा दुसरीकडे वळवायचा नाही आणि वर्ष संपलं म्हणून बुडवायचाही नाही.

लिहिलं हे खरं. पाळलं किती ते बघा. २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा झाल्या. तुम्ही टीव्हीवर पाहिल्या असतील. त्या स्पर्धांच्या कामांकडे दिल्लीच्या अनुसूचित जातींसाठीचा निधी वळवला गेला. आम्ही ऐकीव सांगत नाही. ३१ ऑगस्ट २०१० रोजी तेव्हाचे गृहमंत्री चिदंबरम यांनी राज्यसभेत कबूल केलं, ६७८ कोटी ९१ लाख रुपये. जगातल्या खेळाडूंसाठी स्टेडियम सजली आणि ज्यांच्या नावाचा पैसा त्यांच्या पोरांना वस्तीत बॅडमिंटनची जाळी नाही. आपल्या राज्यातलं ताजं उदाहरण २०२५ च्या मे महिन्यातलं. लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी ३० लाख रुपये वळवले, तेव्हा त्या खात्याच्या मंत्र्यांनीच उघड नाराजी सांगितली. बहिणींना मिळावं, जरूर मिळावं, त्यात आपल्याही बहिणी आहेत. पण बहिणीला द्यायचं म्हणून भाच्याच्या वह्यांचे पैसे काढायचे, हा कुठला मामा?

आंध्र प्रदेशाने २०१३ साली या निधीसाठी कायदा केला. शेजारच्या कर्नाटकानेही त्याच वर्षी केला. तेलंगणाने २०१७ ला, राजस्थानने २०२२ ला. आपल्याकडेही असा कायदा करा, ही चळवळीची मागणी फार जुनी आहे आणि ती रास्त आहे. मात्र कायदा झाला की सगळं झालं असंही नाही. आपले निम्मे पाहुणे गुलबर्गा-विजापूरचे, त्यांना विचारा. कर्नाटकाच्या कायद्यात एक पोटकलम असं होतं, की सगळ्यांसाठीच्या रस्त्यावर, धरणावर खर्च केला तरी त्याचा काही भाग दलितांवर खर्च झाला असं धरता यावं. ती पळवाट बुजवायला २०२३ साल उजाडलं. तेव्हा वरचं भांडण वर चालू राहील, आपण त्यात राहूच. पण जो पैसा खरोखर आपल्या वस्तीपर्यंत पोचला त्याचं आपण काय केलं? आता आमची पाळी.

माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, साधा कागद लागतो, तीस दिवसांत उत्तर यावं लागतं. आमचं उत्तर यायला तीन महिने लागले आणि एक अपील लागलं. विचारलं होतं एवढंच, की मागच्या पाच वर्षांत आपल्या वस्तीच्या नावावर दलित वस्तीच्या निधीतून कोणती कामे झाली. अकरा कामे झाली. सात रस्ते आणि पेव्हर ब्लॉकची, तीन गटारींची, एक स्वागत कमान. मागच्या बोळाचं काँक्रीट दोनदा झालेलं आहे. पहिल्यांदा केलं, मग पाइपासाठी फोडलं, मग पुन्हा केलं. तरुणांच्या नावाचं एकही काम नाही. अभ्यासिका नाही, व्यायामशाळा नाही, खेळाचं मैदान तर सोडाच.

हा कागद घेऊन आम्ही गेल्या वर्षावासात इथेच, वंदना झाल्यावर, तरुणांसमोर बोललो. आमच्या बोलण्यात जरा जोरच होता. बघा, अधिकाऱ्यांनी कसं केलं, ठेकेदारांनी कसं खाल्लं. तेव्हा मागे बसलेली एक मुलगी उठली. आपल्यातलीच आहे, नाव सांगत नाही, तिला ते आवडणार नाही. भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करते. घर दहा बाय बाराचं, माणसे सहा, थोरला भाऊ रात्रपाळी करून दिवसा झोपतो म्हणून घरात दिवा लावायचा नाही, आवाज करायचा नाही. ती विहाराच्या पायरीवर बाहेरच्या दिव्याखाली बसून वाचते, हे आम्ही येता-जाता पाहत होतो. पाहून बरंही वाटत होतं. बाबासाहेब रस्त्यावरच्या दिव्याखाली वाचायचे असं मनात येऊन कौतुक वाटत होतं. ती म्हणाली, "काका, कमान कोणी मागितली होती?"

आम्ही गप्प. कमानीच्या अर्जावर पहिली सही आमची आहे.

ती म्हणाली, "मग आम्ही त्या कमानीखाली बसून अभ्यास करायचा का?"

उद्धटपणे नाही, साधं विचारलं. पण त्या रात्री आम्हाला जेवण गेलं नाही. घरी मंडळींनी विचारलं, काय झालं, कोणाशी भांडलात का? काय सांगणार? पंचवीस वर्षे चळवळीत घालवली, मोर्चे काढले, मार खाल्ला, आणि लेकरांसाठी मागायची वेळ आली तेव्हा आम्ही कमान मागितली. कारण कमान दिसते. कमानीवर नावं येतात. पोर चार तास गुपचूप वाचतं ते कोणाला दिसत नाही.

दुसरी गोष्ट सांगतो, ती आमच्या मित्राच्या मुलाची. हुशार पोरगा, डिप्लोमाला गेला. सरकारकडून फीचे पैसे वेळेवर आले नाहीत म्हणून कॉलेजने त्याचा दाखला आणि गुणपत्रिका अडकवून ठेवली. कॉलेजचं नाव घेत नाही, असं करणारं ते एकटं नव्हतं. राज्य म्हणायचं केंद्राकडून पैसे आले नाहीत, केंद्र म्हणायचं तुमचा बोजा तुम्ही उचला. २०२० च्या डिसेंबरात केंद्राने ठरवलं, की साठ टक्के केंद्र आणि चाळीस टक्के राज्य, आणि पैसे सरळ मुलाच्या खात्यात. बरं झालं, पण या पोराचं वर्ष त्याच्या आधीच गेलं होतं. वर्ष गेलं की मन जातं. आज तो एमआयडीसीत माल चढवतो-उतरवतो. कामाची लाज नाही, आम्हीही कामगारच. पण रात्री तो मोबाइलवर रमी खेळतो. बापाने बहिणीच्या लग्नाला ठेवलेले चाळीस हजार त्यात गेले. बाप आमच्याकडे येऊन रडला. आमच्या लहानपणी जुगाराला अड्ड्यावर जावं लागायचं, तिथे कोणीतरी ओळखीचा दिसायचा, थोडी भीती असायची. आता अड्डा खिशात आहे.

पोरगा हॉकी क्लबात असता तर वाचला असता, असं आम्ही म्हणत नाही. पण संध्याकाळी सहा ते दहा त्याने जायचं कुठे, हा प्रश्न कोणी विचारला नाही, हे खरं आहे. नाक्यावर, पानटपरीवर किंवा मोबाइलमध्ये, तीनच जागा आहेत. मुलींना तर त्याही नाहीत, आणि असू नयेत असंच आई-बापाला वाटतं.

कोणी म्हणेल शासनाच्या योजना ढीगभर आहेत. आहेत, खोटं कशाला बोला. २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर मुलाला जेवण, राहणं, निर्वाह यांसाठी वर्षाला पैसे मिळतात, पुण्या-मुंबईसारख्या ठिकाणी ६० हजार, आपल्यासारख्या महानगरपालिकेच्या शहरांत ५१ हजार अशी रक्कम ठरलेली आहे. चांगली योजना आहे, खेड्यातून येणाऱ्या आपल्या पाहुण्यांच्या मुलांना जरूर सांगा. पण ती बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी आहे. जो सोलापुरातच राहतो आणि सोलापुरातच शिकतो, त्याला ती नाही. सरकारच्या हिशेबात त्याला घर आहे. ते घर दहा बाय बाराचं आहे हे त्या फॉर्ममध्ये लिहायला जागा नाही. त्या मुलाला पैसे नकोतच, त्याला एक टेबल, एक खुर्ची, एक दिवा आणि शांतता पाहिजे.

मग आम्ही कामाला लागलो. क्रीडा खात्याची व्यायामशाळा आणि क्रीडांगण विकासासाठी अनुदानाची योजना आहे, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत चालते. चौकशीला गेलो. त्यांनी विचारलं, संस्थेची नोंदणी? आहे. जागेचा उतारा? तो बघावा लागेल. तीन वर्षांचं ऑडिट? आम्ही एकमेकांकडे पाहिलं. धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दिलेत का? आता हे सांगायला लाज वाटते, पण सांगतो. आपल्या विहाराची समिती या काळात तीनदा बदलली आणि एकदाही चेंज रिपोर्ट दाखल झालेला नाही. कागदावर अजून जे अध्यक्ष आहेत ते २०११ साली वारले. आपण रस्त्यावर 'निधी आमच्या हक्काचा' म्हणून घोषणा देत होतो आणि तो निधी घ्यायला लागणारा कागद आपल्याच कपाटात उंदीर खात होते. रिंग फ्रेमवर धागा तुटला की साईडरने तेव्हाच सांधावा लागतो, नाहीतर सूत नुसतं वाया जात राहतं आणि मशीन मात्र चालूच असतं, लांबून बघणाऱ्याला वाटतं काम चाललंय. आपलं तसंच झालं.

आणखी एक गोष्ट तिथे कळली. इमारतीला पैसा मिळतो, माणसाला मिळत नाही. वस्ती सुधारच्या निधीतून भिंत होईल, फरशी होईल, पंखेही लागतील. पण दिव्याचं बिल कोण भरणार, सकाळी पाचला कुलूप कोण उघडणार, पुस्तकांची नोंद कोण ठेवणार, याला तरतूद विचारली की साहेब वर बघतात. म्हणूनच महाराष्ट्रभर वस्त्यावस्त्यांतून अशी समाजमंदिरे दिसतात, बाहेर रंग, आत धूळ. भिंतीच्या कामात ठेकेदाराला चार पैसे सुटतात. मुलांच्या अभ्यासावर लक्ष ठेवणाऱ्या माणसाच्या मानधनात कोणाला काय सुटणार? हे आमचं मत आहे, कडवट वाटलं तर वाटो. तेव्हा मागताना इमारत मागू नका, चालवण्याचा खर्च मागा. आणि तो पहिल्या खेपेला मिळणार नाही, हे धरून चला.

एक ज्येष्ठ उपासक आहेत, आमच्या वडिलांच्या वयाचे, ते म्हणाले, "सरकारच्या दारात कशाला जायचं? बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा हिस्सा द्यायला सांगितलाय, आपलं आपण चालवू." त्यांचा मान राखून आम्ही म्हणतो, दोन्ही करू. पण दादा, विसावा हिस्सा कोण देतो ते खजिनदारांच्या वहीत बघा. नव्वद घरांपैकी चौदा घरे नियमित देतात, आणि त्या चौदात धुणीभांडी करणाऱ्या सात बाया आहेत. कारकून, मास्तर, बँकवाले झालेल्यांची नावं आम्ही इथे घेत नाही, त्यांनी ती स्वतः आठवावीत. आणि जयंतीला डीजेसाठी वर्गणी गोळा होते ती मात्र दोन दिवसांत होते! एका रात्रीच्या भिंतीच्या भाड्यात अभ्यासिकेचं वर्षभराचं दिव्याचं बिल भरून वर पुस्तकांचं कपाट येतं. आम्ही मिरवणुकीच्या विरुद्ध नाही. आम्हीही नाचलोय. पण हिशेब मांडायचा म्हटलं की सगळाच मांडावा लागतो.

आता काय केलं ते सांगतो आणि थांबतो, स्वयंपाकघरातून खिरीचा वास यायला लागला आहे. तीनही समित्यांचे चेंज रिपोर्ट दाखल झाले, वकिलाची फी त्या चौदा घरांनी भरली. ऑडिट आपल्याच वस्तीतल्या बी.कॉम. झालेल्या दोन मुलांनी वह्या जुळवून सनदी लेखापालाकडून करून घेतलं. समाजमंदिराची जागा महापालिकेची आहे, म्हणून ते अभ्यासिका म्हणून वापरायला द्यावं आणि दिव्याचं बिल व एका माणसाचं मानधन मागासवर्गीय निधीतून द्यावं, असा अर्ज तयार आहे. जिल्ह्याचा वार्षिक आराखडा साधारण हिवाळ्यात जुळतो आणि मग पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा नियोजन समितीपुढे जातो. अनुसूचित जाती उपयोजनेचा भाग त्यात वेगळा असतो. आपण दरवर्षी मार्चमध्ये जागे होतो, तेव्हा पंगत उठलेली असते. या वेळी अर्ज दिवाळीच्या आत द्यायचा आहे. तो अर्ज बाहेर टेबलावर आहे. अंगठा नको, सही पाहिजे, आणि घरातल्या अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाची पाहिजे, मुलींची आधी. ज्यांना अर्जातलं काही पटत नाही त्यांनी सही करण्याआधी तिथेच सांगावं.

मंजुरी येईल तेव्हा येईल. मे महिन्यातल्या दोन लग्नांना हॉल दिलेला आहे, शब्द दिलाय, ती होतील. त्यानंतर हॉल लग्नाला मिळणार नाही, कितीही जवळचं नातं असलं तरी. यावरून आमच्याशी तीन घरे बोलत नाहीत, ती उद्या बोलतील. उद्यापासून समाजमंदिर सकाळी पाच ते रात्री दहा उघडं राहील. संध्याकाळी सात ते नऊ फक्त मुलींसाठी, आणि तेव्हा दोन आया आळीपाळीने तिथे बसतील, नावं फळ्यावर लिहिली आहेत. टेबलं अजून सहाच आहेत. बाकीच्यांनी तूर्त सतरंजीवर बसावं.

अभ्यासिकेची समिती अकरा जणांची केली आहे, त्यात सहा मुली आहेत आणि चाळिशीच्या वरचं कोणी नाही. आम्हीही नाही. ज्या मुलीने आम्हाला कमानीबद्दल विचारलं होतं, तिने पुढे यावं. चावी माझ्या खिशात आहे, अठरा वर्षांची गंजलेली, जरा तेल लावून वापर, बाळ.

जयभीम.